मोकळं सोडून पाहणाऱ्या बिराजदार बाई

एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे. प्रश्न असा: बिराजदार बाईंना जी भीती वाटायची, तो आजार होता की ती कामाची पद्धत होती? बाईंच्या हयातीत नांदेडात याची दोन उत्तरे दिली जात. आमच्या तंत्रनिकेतनातले बहुतेक सहकारी आजार म्हणत. मी पद्धत म्हणत असे. पण ते बरेचसे बाईंची बाजू घ्यायची म्हणून, तपासून म्हटलेले नव्हते. खुद्द बाईंना हा प्रश्न आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त छळत होता आणि एकदा त्यांनी तो प्रत्यक्ष कसाला लावला. त्या वेळी मी हजर होतो. उत्तर बरोबर येवो न येवो, पुरावा तरी नीट मांडून ठेवावा, एवढाच हेतू आहे.

बाईंची पहिली ओळख झाली ती पाण्याच्या पेल्यामुळे. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या सत्रात त्या आमच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात रुजू झाल्या. आल्या त्याच दिवशी त्यांनी शिक्षकखोलीतली दाराजवळची खुर्ची मागून घेतली. मग पिशवीतून स्टीलचा पेला काढला, काठोकाठ भरला आणि टेबलाच्या मध्यभागी ठेवला. ते पाणी त्या पीत नसत. वह्या तपासता तपासता मधूनच त्याच्याकडे पाहत. रस्त्यावरून जड गाडी गेली की पाण्यावर बारीक वर्तुळे उमटत आणि बाईंचा पेन थांबे. वर्तुळे विरली की पेन पुन्हा चाले. "काय बाई, हलला का ग्लास?" असे येताजाता विचारणे ही आमच्याकडची नेहमीची थट्टा झाली होती. बाई चिडत नसत. "हलला. वाळूचा ट्रक होता," असे प्रयोगाच्या निरीक्षणासारखे सांगत.

एकदा मी विचारले, "बाई, खरोखरच जमीन हलली, तर हा पेला काय करणार?"

"काहीच नाही करणार, सर. पण मला आधी कळेल."

"किती आधी?"

"ते सांगता आलं असतं तर पेला कशाला ठेवला असता?"

बाईंच्या बोलण्यात एक गोष्ट मी लवकरच ओळखली. वर्गात आणि आमच्याशी त्यांची भाषा पुस्तकासारखी स्वच्छ असे. मनात धास्ती शिरली, की तिच्यातून हळूहळू निलंग्याकडची बोली वर येई. 'आहे'चे 'हाय' झाले, की मी समजत असे, कुठेतरी काहीतरी बाईंना खटकते आहे. त्यांचे माहेर निलंगा तालुक्यातल्या एका लहान गावातले. भूकंपात त्या घराच्या भिंती पडल्या आणि आई गेली. वडील वाचले. बाई त्या वेळी लातुरात नोकरीला होत्या, धाकटा भाऊ शिवराज शिक्षणासाठी नांदेडला. एवढे सगळ्यांना माहीत होते. जास्त माहीत झाले ते मला एकट्याला, आणि तेही योगायोगाने.

परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवण्याचे काम आम्हां दोघांकडे होते. बाईंनी एका पट्टीला डिंक लावला आणि ती हातातच धरून त्या थांबल्या.

"सर, आमचे दादा असंच करायचे," त्या म्हणाल्या. दादा म्हणजे त्यांचे वडील. प्राथमिक शाळेत गुरुजी होते. "मोठा भूकंप व्हायच्या आधी वर्षभर गावात बारीक धक्के बसत होते. लोक घाबरून अंगणात झोपायचे. दादांनी वहीच्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, कणकेची खळ केली आणि भिंतीत जिथं जिथं तडा होता तिथं आडव्या चिकटवल्या. तडा वाढला तर कागद फाटणार. धक्का बसला की कंदील घेऊन सगळ्या पट्ट्या बगायचे. एकही फाटली न्हाई. मग आईला म्हणाले, घर पक्कं हाय, चला आत झोपू. शेजाऱ्यांना नेऊन दाखवल्या पट्ट्या." बाईंनी हातातली पट्टी गठ्ठ्यावर बसवली आणि अंगठ्याने दाबली. "दादांची पद्धत चुकीची नव्हती, सर. पट्टी खरंच बोलत होती. फक्त बारीक धक्क्याबद्दल बोलत होती. मोठ्याबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं."

मी पुढचा गठ्ठा त्यांच्याकडे सरकवला. उरलेले गठ्ठे आम्ही बांधून संपवले.

पुढे शिवराज शिकून बाहेर पडला आणि नांदेडच्या औद्योगिक वसाहतीत त्याने एक शेड घेतली. टीव्हीचे चित्र आकड्यांच्या रूपात दूरवर पाठवणारी आणि घेणारी यंत्रे तो तिथे जुळवत असे. बाई तंत्रनिकेतनातून सुटल्या की शेडवर जात आणि घेणाऱ्या यंत्रांतल्या सर्किट-कार्डांचे ठोके लावून देत. मोजमाप एका माणसाने करू नये, दुसऱ्याने स्वतंत्रपणे पाहावे, असा त्यांचा नियम होता. म्हणून दुसरे डोळे म्हणून मलाही बोलावत. 'ठोका लावणे' म्हणजे काय ते इथे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

पाठवणारे यंत्र शून्य आणि एक असे आकडे एका सेकंदात कोट्यवधींनी पाठवते. एक आकडा कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, हे सांगणारा वेगळा ठोका ते पाठवत नाही. घेणाऱ्या कार्डाने तो ठोका आलेल्या आकड्यांच्या चढउतारावरूनच ओळखायचा असतो. विद्यार्थ्यांना हे समजत नसे. बाई त्यांना एसटीत बसवत.

"समजा, तुम्ही नांदेडहून लातूरला निघालात, खिडकीशी बसलात," त्या सांगत. "रस्त्याकडेला तारांचे खांब आहेत. खांब गेला की तुम्ही मान हलवता. थोड्या वेळानं खांब न बघतासुद्धा मान बरोबर हलते. आता मध्ये मोठं तळं आलं, खांब नाहीत. तुम्ही अंदाजानं मान हलवतच राहता. तळं संपून खांब पुन्हा सुरू झाले, तेव्हा तुमची मान खांबाबरोबर आहे का? मधेच एखादा खांब तुम्ही जास्त मोजला का?"

आकडे भराभर बदलत असले, की कार्डाला खांब दिसत राहतात. त्याचा स्वतःचा ठोका थोडा पुढेमागे असला, तरी येणारा सिग्नल त्याला ओढून जागेवर ठेवतो आणि चूक झाकली जाते. बराच वेळ सारखेच आकडे आले, बदल असा नाहीच, तर कार्डाला स्वतःच्या ठोक्यावर चालावे लागते. चूक असेल तर ती तिथे उघडी पडते. हा स्वतःचा ठोका जुळवण्यासाठी कार्डावर एक बारीक स्क्रू असतो. तो लावण्याचे काम बाईंचे.

सगळे कारागीर करतात तसे शिवराज करी: पडद्यावर सात रंगांचे उभे पट्टे आणायचे, ते स्वच्छ दिसेपर्यंत स्क्रू फिरवायचा आणि झाकण लावायचे. बाई त्या स्वच्छ चित्रावर अजिबात विश्वास ठेवत नसत. चित्र छान आले, की त्या सिग्नलची तारच उपटून टाकत आणि मीटरकडे पाहत बसत. आधार गेल्यावर कार्डाचा ठोका कुठे सरकतो, ते त्यांना पाहायचे असे. मग केस वाळवायच्या यंत्राने कार्ड तापवत, मधे लांब केबलचे भेंडोळे घालत आणि पुन्हा तार उपटत. "मोकळं सोडा, मग बगा कुठं जातंय," हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. त्यात 'बघा' कधीच नसे, 'बगा'च असे.

हे सगळे व्हायला वेळ लागे आणि माल उशिरा जाई. गिऱ्हाइके शिवराजवर ओरडत. तो बहिणीवर ओरडत नसे, पण एखादा टोमणा मारल्याशिवाय राहत नसे. "अक्का, ह्या कार्डाला आता शाल-श्रीफळ द्यायचं का? लई परीक्षा झाल्या त्याच्या."

त्या काळात लातुरात शिकवणीवर्गांची गर्दी उसळली होती. हदगाव, नायगाव, कंधार, कुठून कुठून मुले येत. गल्लीगल्लीत घरांवर मजले चढले, मजल्यांवर खोल्या, खोल्यांत खाटा आणि खाटांवर पुस्तके. रसायनशास्त्र शिकवणारे धनुरे सर यांच्या वर्गात मुले मावेनात, म्हणून त्यांनी पलीकडच्या गल्लीत जादा हॉल घेतले. तिथल्या मुलांना फळा पडद्यावर दिसावा, अशी त्यांची योजना होती. आधीच्या साध्या यंत्रणेत चित्र विसकटत असे. धनुरे सर शेडवर आले आणि त्यांनी एका वाक्यात काम सांगितले: "शेवटच्या बाकावरच्या लेकराला बेंझिनचं वलय षटकोनीच दिसलं पाहिजे. बटाटा न्हाई!"

परीक्षेआधीच्या उजळणीला ही यंत्रणा चालू हवी होती. शिवराजने शब्द दिला. कार्डे तयार झाली, रंगांचे पट्टे झकास दिसले. बाई आल्या, त्यांनी तार उपटली, कार्ड तापवले आणि त्यांची बोली बदलली.

"शिवराज, हे गरम झालं की सरकायलंय. सगळी परत लावावी लागतील."

"अक्का, चित्र बग की! लई नीट दिसायलंय."

"लई नीट दिसायलंय, म्हणूनच."

"मोकळं कोण सोडणार हाय त्याला? तिकडून सर शिकवणार, फळ्यावर खडू चालणार. सिग्नल येतच राहणार." शिवराजचा आवाज चढला. "हे यंत्र हाय, अक्का. आपल्या गावचं घर न्हाई हे."

आई त्याचीही गेली होती. मला वाटते, ते वाक्य तोंडातून गेल्यावर त्याचे त्यालाच लागले. पण गेलेले वाक्य मागे घेण्याऐवजी तो आणखी पुढे गेला.

"एकदा होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "ही कार्डं माझ्या पद्धतीनं लातुरात बसवतो. तू हात लावायचा न्हाई. चालली, तर इथून पुढं स्क्रू माझा. तू कॉलेज कर, डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या घे, आराम कर. न्हाई चालली, तर तू म्हणशील तसं."

बाईंनी उपटलेली तार पुन्हा जागेवर बसवली. मग होकार देत म्हणाल्या, "हाव. पण उजळणी चालू व्हायच्या आधी तपासायचं. लेकरांचा तास बुडवून आपला न्याय करायचा न्हाई."

बाहेर आल्यावर मी त्यांना अडवले. "बाई, सरकतंय हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. मग हाव का म्हणालात?"

त्यांनी पर्स उघडून बंद केली, पुन्हा उघडली. "सरकतंय, हे खरं आहे, सर. पण तेवढ्या सरकण्यानं काही बिघडणार आहे का, हे मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, तुमच्या भीतीला आता कारण उरलेलं नाही. शिवराज तेच म्हणतो. तुम्ही म्हणता पद्धत आहे, पण तुम्ही चांगले आहात म्हणून म्हणता. मी गॅसचं बटण बघून झोपते, उठून परत बघते. कुलूप ओढून बघते, कोपऱ्यावरून परत येते. हेसुद्धा पद्धतच आहे का? मला एकदा कळू द्या. कार्डं चालली, तर मी हे सगळं सोडणार. स्क्रू, पेला, सगळं. मला सुटायचंय, सर."

तेव्हा माझ्या लक्षात आले, की ही पैज बाईंना हरायची होती.

लातूरला आम्ही तिघे गेलो. शिवराजने कार्डे बसवली. बाई हात मागे बांधून भिंतीशी उभ्या होत्या. पलीकडच्या गल्लीत धनुरे सर कॅमेऱ्यासमोर फळ्याशी उभे राहिले आणि आम्ही जादा हॉलमध्ये शेवटच्या बाकावर बसलो. बाईंनी दाराकडची बाजू घेतली आणि पेला बाकावर ठेवला. पडद्यावर खडूची रेघ उमटली, वलय काढले गेले; ते षटकोनी होते. सरांनी हवी तेवढी लांबलचक समीकरणे लिहिली. दुपारी पत्र्याखाली हॉल भट्टीसारखा तापला. ज्या वेळी कार्ड सरकेल असे बाईंनी सांगितले होते, तीच ही वेळ. त्या पडद्याकडे पाहत नव्हत्या, पेल्याकडे पाहत होत्या. मी पडद्याकडे पाहत होतो. चित्र पापणीएवढेही हलले नाही.

"काय म्हणतोय बटाटा?" फोनवरून धनुरे सरांचा आवाज आला.

"षटकोनी हाय, सर! एक नंबर!" शिवराज ओरडला.

ऊन उतरल्यावर बाईंनी पेला उचलला आणि त्यातले पाणी पिऊन टाकले. त्या पेल्यातून पिताना मी त्यांना प्रथमच पाहत होतो. मग पिशवीतून आपला स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी शिवराजपुढे धरला. "घे. तुझा झाला." शिवराजने तो घेतला, पण त्याला आनंद कसा दाखवावा ते कळेना. "अक्का, तसं न्हाई गं," एवढेच तो म्हणाला. लातुरातल्या मुक्कामावर परतताना बाई रस्ताभर बोलत होत्या. बेसनाचे लाडू कसे बिघडतात, याविषयी बोलत होत्या. मी त्यांना इतके मोकळे बोलताना ऐकलेले नव्हते, आणि का कोण जाणे, मला त्याचीच काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन होते. उजळणी त्याच्या पुढच्या दिवसापासून. पालक गावोगावांहून आले होते. ज्यांची मुले जादा हॉलमध्ये बसणार होती, ते साहजिकच तिथेच बसले आणि पडद्याकडे संशयाने पाहत होते. धनुरे सरांनी सुरुवातीसाठी खास चित्र तयार करून घेतले होते. संगणकावर काढलेली पाटी: संपूर्ण पडदाभर पाटीचा करडा रंग, एकही डाग नाही. पाटी क्षणभर कोरी दिसणार, मग तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत वर्गाचे नाव उमटणार.

कोरी पाटी आली. पडद्यावर मीठ सांडावे तसे पांढरे ठिपके उडाले. मग पडदा काळा झाला. पुन्हा पाटी, पुन्हा ठिपके, पुन्हा काळोख.

"अहो, हे काय?" हदगावकडचे एक गृहस्थ उभे राहिले. "माझ्या पोरीला हितं टाकलं, पडद्यावर समदं दिसतंय म्हनून. हितं तर अंधारच हाय! फीस काय अर्धी घ्यायलेत का?"

शिवराज धावला. त्याने केबल बदलली, प्रोजेक्टर बंद करून चालू केला. सरांनी कॅमेरा फळ्याकडे वळवला, तर चित्र लख्ख. पाटी लावली, तर पुन्हा काळोख. "शिवराज, माझं नाव तरी उमटू दे की रे पाटीवर!" फोनवर धनुरे सर काकुळतीला आले होते. फळा चालतो आणि पाटी चालत नाही, हे कुणाच्याच आकलनात बसेना.

बाई उठल्या.

"शिवराज," त्या म्हणाल्या, "फळ्यावर डाग हायेत, खडूची धूळ हाय. पाटी सगळी एकाच रंगाची हाय. त्यात बदलच न्हाई."

त्याने त्यांच्याकडे पाहिले. तोही हीच विद्या शिकलेला होता. पुढचे सांगावे लागले नाही. रंग म्हणजे शेवटी आकडे. पाठवण्यापूर्वी त्या आकड्यांची घुसळण करतात, म्हणजे सारखेपणा मोडावा. तरीही काही थोड्या छटा अशा निघतात, की घुसळूनही मधूनमधून सारख्या आकड्यांची लांब रांग उरते. पाटीचा तो करडा रंग नेमका त्यांतलाच निघाला. तिथे खांब संपत होते आणि कार्ड स्वतःच्या ठोक्यावर चालू लागत होते. शिवराजने सकाळपासून चालू राहून तापलेल्या कार्डाची तार स्वतःच्या हाताने उपटली आणि मीटरवर पाहिले. मग त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"घे, अक्का."

बाईंनी तो घेतला. त्यांनी पहिले कार्ड पुढे ओढले आणि म्हणाल्या, "केस वाळवायचं यंत्र पाहिजे."

ते आणण्यासाठी मला समोरच्या मुलींच्या वसतिगृहात जावे लागले. तिथे ते एकाच मुलीकडे होते आणि ती द्यायला तयार नव्हती. "सर, परत द्याल ना? मागच्या वेळी वॉर्डन मॅडमनी नेलं ते महिन्यानं आलं." मी शब्द दिला. तिच्याकडूनच लाल नेलपॉलिशची बाटलीही आणली, कारण बाईंनी तीही सांगितली होती. पालकांना पोहे दिले गेले. धनुरे सरांना पाटी हलवू नका म्हणून बजावले. ते बिचारे कोऱ्या पाटीशेजारी बसून राहिले. बाई एकेक कार्ड तापवत होत्या, मोकळे सोडत होत्या, स्क्रू केसभर फिरवत होत्या. शिवराज यंत्र धरून उभा होता आणि मी आकडे स्वतंत्रपणे वाचत होतो. दोघांचे वाचन जुळले, पाटी स्थिर राहिली, की बाई स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब सोडत, म्हणजे तो पुन्हा फिरू नये. "झालं. ह्याला परत हात लावायचा न्हाई." आणि खरोखरच त्या त्या कार्डाकडे पुन्हा वळून पाहत नव्हत्या.

शेवटचे कार्ड झाले. पाटी करडी आणि शांत दिसली, तिच्यावर पांढरी अक्षरे उमटली. पालकांनी टाळ्या वाजवल्या. हदगावचे गृहस्थ बाईंना म्हणाले, "ताई, आता न्हाई ना जानार?" बाई म्हणाल्या, "हे न्हाई जाणार." 'हे' या शब्दावर त्यांनी किंचित जोर दिल्याचे बहुधा मलाच जाणवले.

नंतर बाई हॉलच्या पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांचे अभिनंदन केले.

"कशाबद्दल, सर?" त्यांनी विचारले. "काल मी किती वर्षांनी सलग झोपले, माहीत आहे तुम्हाला? कार्डं चालली म्हणून झोपले. भीती खोटी होती, एवढं एकदा सिद्ध झालं असतं, तर मी सुटले असते. आता मला कोण सांगणार की गॅस बंद आहे, झोप?"

शिवराज मागे उभा राहून ऐकत होता. तो येऊन पायरीवर त्यांच्या शेजारी बसला. "अक्का, दादांच्या पट्ट्या मी बी बगितल्या होत्या," तो म्हणाला. "दिवाळीच्या सुट्टीत आलो तेव्हा. मीच म्हणालो होतो, दादा, झकास आयडिया हाय." बहिणीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी आत गेलो. केस वाळवायचे यंत्र वसतिगृहात परत द्यायचे होते.

त्यानंतर शेडवर कार्डे बाईंच्याच पद्धतीने लागत गेली आणि माल उशिराच जात राहिला. शिवराजने टोमणे सोडले नाहीत, पण मोकळं सोडून पाहिल्याशिवाय झाकण लावणेही सोडले. बाईंचा पेला शिक्षकखोलीतल्या टेबलावर परत आला. त्या निवृत्त झाल्या आणि नंतर काही वर्षांनी हृदयाच्या दुखण्याने गेल्या. शेवटच्या भेटीत त्यांनी मला विचारले, "सर, तुमचा निकाल काय लागला? आजार की पद्धत?"

"अजून लिहिला नाही," मी म्हणालो.

"मग लिहा. आणि लिहिलात की दुसऱ्या कुणाला तरी तपासायला द्या. तुमचं तुम्हीच तपासलेलं मला चालत नाही."

तर माझा निकाल असा. बाईंमध्ये दोन्ही होते आणि दोन्हींची मुळे त्याच मातीच्या भिंतीत होती. फरक एकाच जागी दिसतो. कार्डाच्या बाबतीत त्यांना तार उपटून पाहता येत असे. सर्वांत वाईट काय होईल ते त्या समोर घडवून आणत, मोजत, दुरुस्त करत, आणि मग भीती थांबत असे. घराला, जमिनीला, कुलपाच्या पलीकडच्या रात्रीला मोकळे सोडून पाहता येत नाही. तिथे मोजायला काही नसे, म्हणून थांबायलाही जागा नसे. जी भीती तपासणीनंतर थांबते, तिला मी पद्धत म्हणतो. जी थांबत नाही, तो आजार. पण तो खोटा असतो असे मात्र मी म्हणणार नाही. बाईंना मी हे त्यांच्या हयातीत सांगू शकलो असतो, तर त्यांना झोप लागली असती का, हे मला ठाऊक नाही.

आता तपासणी. या निकालाचा अर्धा भाग कार्डांच्या वागण्यावर टेकलेला आहे, आणि तेवढा तरी कुणालाही घरी पडताळता येतो. मित्राला घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत टेबलावर टिचक्या मारायला सांगा. तुम्ही घड्याळाकडे पाठ करून त्याच्याबरोबर टिचक्या मारा. तुमची गती अचूक आहे, अशी लवकरच तुमची खात्री पटेल. मग त्याने न सांगता टिचक्या थांबवाव्यात आणि काटा पाहत राहावे. तुम्ही तशाच चालू ठेवा. थोड्या वेळाने त्याने पुन्हा काट्याबरोबर टिचकी मारावी. ती तुमच्या टिचकीवर पडते का, हे दोघांनी स्वतंत्रपणे पाहावे. उरलेला अर्धा भाग बाईंविषयीचा आहे. तुमच्याही ओळखीत सतत धास्तावलेले असे कुणीतरी असेल. त्यांची धास्ती कुठे थांबते आणि कुठे थांबत नाही, ते पाहा. माझे चुकले असण्याची शक्यता आहे. कृपया स्वतः तपासून पाहा.